नदीचा उतार

वॉटर्लू म्हटलं की वर्गातली मुलं सावरून बसायची. असई म्हटलं की विचारायची, "ते कुठं आलं, सर?" १८१५ मध्ये नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन त्याआधी १२ वर्षं आपल्या जालना जिल्ह्यात लढला होता, हे सांगितलं तरी त्यांना खरं वाटायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुतण्यानं गाडी काढली आणि आम्ही भद्रावतीहून असई गाठलं. मंडळी, रणांगण म्हणून बघावं असं तिथं फारसं काही नाही. कपाशी, बाभळी, आणि केळना व जुई या दोन लहानशा नद्या. पण नकाशा घेऊन बांधावर उभं राहिलं की सारं उलगडत जातं.

२३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि आमचे नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांची फौज या दोन नद्यांच्या बेचक्यात होती. शंभराच्या आसपास तोफा. केळनेच्या दक्षिणेला आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. पण त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं अशी वसली आहेत म्हणजे माणसं येत-जात असणारच, हे त्यानं ओळखलं. तिथूनच त्यानं फौज पार केली. बेचक्यात जागा अरुंद, त्यामुळे मराठी फौजेचं संख्याबळ पुरतं कामी आलं नाही. तोफांनी मात्र प्रचंड हानी केली. कंपनीचे मेलेले-जखमी मिळून दीड हजारांवर गेले. त्यात मद्रासी शिपाई कितीतरी. दोन्हीकडून सांडलं ते बहुतेक इथलंच रक्त!

पुढे २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह. त्या तहानं भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. म्हणजे नदीच्या अलीकडचा आमचा चांदा भोसल्यांचा आणि पलीकडची वणी निजामाची!

मला गंमत वाटते ती इथं. समोरासमोरची गावं नदीनं तुटत नाहीत, हे ज्यानं असईला नेमकं हेरलं, त्याच सेनापतीनं तीन महिन्यांत नदीलाच सरहद्द केलं. लढताना उतार दिसला, तह करताना तो दिसेनासा झाला.

माणसांनी मात्र उतार सोडला नाही. माझ्या आत्याचं सासर वणीकडचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बैलगाड्या वर्धेच्या पात्रातून पलीकडे जायच्या. मुली दिल्या, सुना आणल्या. आत्याला कधी कुणी सांगितलं असतं की तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नांदायला गेलीस, तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

असो. त्या बाजूला गेलात तर वेरूळ-अजिंठ्याबरोबर असईसाठीही एक दुपार ठेवा. आणि नदीकाठी उभे राहिलात, की आधी पलीकडचं गाव शोधा.