नोंद बदलली, तरी वेळापत्रक जुनेच

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही हवामान अंदाज-प्रणाली राष्ट्राला अर्पण झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेली ही प्रणाली देशावरील वातावरणाचे ६ किलोमीटरच्या चौकटींत विभाजन करते. याआधीची चौकट १२ किलोमीटरची होती. तिच्यासाठी लागणारे गणित त्याच संस्थेतील ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा ‘अर्का’ हा महासंगणक करतो. बातम्यांत हे आकडे आले आणि ते यावेतही. तथापि ६ किलोमीटरच्या चौकटीतही पावसाचा थेंब मावत नाही, म्हणजे दिसत नाही. ढगात थेंब कसे वाढतात, किती मोठे होऊन कोसळतात, हे प्रारूपाला सूत्रांच्या आधाराने गृहीत धरावे लागते. ती सूत्रे खरी की खोटी, हे ठरवणारा पुरावा फार लहान ठिकाणी गोळा होत असतो.

असेच एक ठिकाण म्हणजे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका शाळेची गच्ची. तेथे डिसड्रोमीटर नावाचे उपकरण उभे आहे. लेझरच्या पातळ पट्ट्यातून जाणारा प्रत्येक थेंब ते टिपते आणि दर मिनिटाला थेंबांची ३२ आकार-वर्गांत व ३२ वेग-वर्गांत मोजदाद करते. हा खटाटोप व्यर्थ नव्हे. रडारला परत मिळणारा संकेत थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. व्यास दुप्पट झाला की संकेत ६४ पट. म्हणून लहान थेंबांचा मुसळधार पाऊस रडारला मध्यम वाटू शकतो आणि थोड्याशा टपोऱ्या थेंबांनी ते फसते. घाटातला पाऊस मोजायचा, तर थेंबांचे आकार ठाऊक असणे अटळ आहे.

या उपकरणाची विदा एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा कणा होती. उपकरणाजवळच्या नोंदयंत्राची स्मृती मात्र तोकडी: दहा दिवसांची विदा साठली की सर्वांत जुना दिवस पुसून नवा लिहिला जाई. म्हणून रोज रात्री २ वाजता संस्थेच्या संगणकाने मोबाइल मोडेमद्वारे त्या नोंदयंत्राशी संपर्क साधून आदल्या दिवसाची फाइल उतरवून घ्यावी, अशी व्यवस्था तिने मे महिन्यात केली होती. व्यवस्था म्हणजे क्रॉनटॅबमधील एक ओळ.

क्रॉन हा युनिक्सच्या जगातील अत्यंत जुना आणि निमूट सेवक. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. दर मिनिटाला जागा होऊन एकच सामाईक यादी वाचायची आणि वेळ जुळली तर काम करायचे, एवढाच त्याचा दिनक्रम. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली आवृत्ती आणि तिचे वंशज आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर नांदतात. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची यादी असते. ओळीच्या आरंभी पाच रकाने, अनुक्रमे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. त्यांच्यापुढे करावयाचे काम. सेवकाचा निमूटपणा हा गुण खरा, पण विद्यार्थिनीने तोही वाढवून ठेवला होता. कामातून निघणारा प्रत्येक संदेश तिने ओळीच्या शेवटी ‘डेव्ह-नल’ नावाच्या कृष्णविवराकडे वळवला होता. बहुतेक विद्यार्थी हेच करतात, कारण बहुतेक उदाहरणांत तसेच लिहिलेले आढळते.

जुलैच्या आरंभी तिच्या होम फोल्डरचा कोटा भरत आला. तिने क्रॉनटॅब उघडला, फाइली मोठ्या सामाईक डिस्कवर जाव्यात म्हणून मार्ग बदलला, यादी पुन्हा छापून पाहिली. नवी ओळ जागेवर होती. सकाळी नव्या फोल्डरात फाइल आली. काम झाले असे तिने मानले, आणि कोणीही तसेच मानले असते.

महिन्याच्या अखेरीस आलेख काढण्यास बसली, तेव्हा नव्या फोल्डरातील फाइली मध्येच थांबलेल्या आढळल्या. जुन्या फोल्डरात मात्र त्या रोज येत होत्या, नावे व तारखा बिनचूक, आणि आकार शून्य बाइट. कोटा संपल्यामुळे फाइल जन्मास येई, तिच्यात अक्षर उमटत नसे. तक्रारीचा संदेश कृष्णविवरात जाई. तिने यादी छापली. समोर मे महिन्यातील जुनी ओळ. आपण केलेला बदल टिकलाच नाही, हा निष्कर्ष तिने काढला. तो स्वाभाविक होता, पण खरा नव्हता. असे १९ दिवस गेले होते.

तिने ओळ पुन्हा दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी यादी छापली, तर यंत्राचे उत्तर आले की या वापरकर्त्याच्या नावे यादीच नाही.

येथून संशयांची मालिका सुरू झाली. ती सर्वच संशयांत सार्थ होती, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण क्रॉनमधील बदल खरोखर अनेक वाटांनी हरवतात. पहिला संशय एडिटरवर. क्रॉनटॅब उघडतो तेव्हा मूळ यादी उघडत नाही. तिची तात्पुरती प्रत उघडते. एडिटर बंद झाल्यावर त्या प्रतीत काही बदलले आहे का, हे पाहून मगच ती मूळ जागी बसवली जाते. खिडकीत उघडणारे काही एडिटर आज्ञेला ताबडतोब ‘झाले’ असे कळवून मोकळे होतात आणि स्वतः मात्र पडद्यावर उघडेच राहतात. त्यामुळे प्रत न बदलता परतली असा समज होऊन ‘बदल नाही’ असा शेरा मिळतो. नंतर कितीही जतन करा, ते लिखाण अनाथ प्रतीत जाते. ओळीत व्याकरणदोष असला तरी संपूर्ण यादी नाकारली जाते, आणि पुन्हा प्रयत्न करता काय, या प्रश्नाला घाईत ‘नाही’ म्हटले की जुनी यादी कायम. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू करणारी कळ दाबली नसेल, तरी काही आवृत्त्या अडून बसतात.

यादीची मूळ फाइल हाताने उघडून बदलणारेही असतात. विक्सी यांच्या वंशातील क्रॉन दर मिनिटाला बदल झाला का ते पाहतो, म्हणून तेथे ते खपून जाते. सोलारिससारख्या यंत्रणांवर फाइलीत नवी ओळ दिसते, पण चालू असलेला क्रॉन स्मृतीतल्या जुन्या यादीप्रमाणेच वागत राहतो. आणखी एक वाट व्यवस्थापनाची. मोठ्या संस्थांत शेकडो यंत्रे सारखी ठेवण्यासाठी पपेटसारखी साधने असतात; पपेट प्रघाताने दर ३० मिनिटांनी येऊन आपल्या ताब्यातील नोंदी मूळ आराखड्याबरहुकूम करून जातो. तेथे हाताने केलेल्या बदलाचे आयुष्य अर्धा तास. अशा यादीच्या माथ्यावर तसा इशारा लिहिलेला असतो. तो वाचण्याची सवय फारशी कोणाला नसते.

वेळेचा घोटाळाही तिने तपासला. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल, तर रात्री २ चे काम आपल्याकडे सकाळी साडेसातला होते, आणि पहाटे उठून पाहणाऱ्याला बदल लागूच झाला नाही असे वाटते. येथे तसे नव्हते. मग यादी नाहीशी झाल्यावर स्वतःच्या बोटांवरही संशय आला: यादी उघडण्यासाठी जोडायचे अक्षर ‘ई’, समूळ पुसण्यासाठी ‘आर’, आणि इंग्रजी कळफलकावर ही दोन अक्षरे शेजारी. पुसण्यापूर्वी ही आज्ञा सहसा विचारतही नाही. चाळीस वर्षांत ही शेजारीण कोणी का हलवली नाही, हे एक कोडेच आहे.

पण आज्ञांच्या इतिहासात ‘आर’ आढळला नाही. विशेष म्हणजे, ज्या आज्ञेने तिने आदल्या दिवशी यादी सुधारली होती, तीही विस्कळीत क्रमाने दिसत होती. संगणक केंद्रातील ज्येष्ठ तंत्रज्ञांकडे ती हे सारे घेऊन गेली. त्यांनी एवढेच विचारले, “कोणत्या मशीनवर?”

प्रश्न तिला क्षणभर कळला नाही. संगणक एकच होता. रोज त्याच एका नावाने ती प्रवेश करी. परंतु महासंगणकाच्या दाराशी बहुधा एकच द्वारपाल नसतो. गर्दी वाटून जावी म्हणून त्या एका नावामागे तीन लॉगिन नोड उभे होते आणि प्रत्येक वेळी त्यांपैकी कोणताही एक तिला आत घेई. होम फोल्डर तिन्हींना सामाईक, म्हणून आत गेल्यावर फाइली त्याच, रंग तेच, इतिहासही एकत्र मिसळलेला. क्रॉनची यादी मात्र होम फोल्डरात राहत नाही. ती त्या-त्या यंत्राच्या ‘व्हार’ विभागात, स्पूल नावाच्या कोठारात असते. तीन यंत्रे, तीन क्रॉन, तीन याद्या. आज्ञा देण्याच्या जागी उमटणाऱ्या मजकुरातून यंत्राचे नाव तिने आटोपशीर दिसावे म्हणून काढून टाकले होते, त्यामुळे हे कधी डोळ्यांसमोर आलेच नाही.

मग सगळा घटनाक्रम सरळ झाला. मे महिन्यातील ओळ पहिल्या नोडवर होती. जुलैचा बदल तिने दुसऱ्या नोडवर केला होता. तेथील यादीत जुनी ओळ कशी होती? तीही तिनेच, जूनमध्ये केव्हातरी ‘हरवली’ असे वाटून पुन्हा लिहिली होती. दुसरा नोड डिस्कविरहित होता: सुरू होताना तो आपली संपूर्ण प्रणाली जाळ्यावरील साठवलेल्या प्रतिमेवरून स्मृतीत उतरवून घेई आणि बंद होताना सारे विसरून जाई. मासिक देखभालीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा सुधारलेली ओळ गेली. पहिल्या नोडला स्वतःची डिस्क होती, म्हणून तेथील जुनी ओळ देखभालीतूनही जगली आणि भरलेल्या फोल्डरात रोज रात्री शून्य बाइट ठेवत राहिली. यादी नसल्याचे उत्तर तिसऱ्या नोडने दिले होते आणि ते अक्षरशः सत्य होते. एकाही यंत्राने खोटे सांगितले नव्हते.

दुरुस्ती अवघ्या तासाभरात झाली. तिन्ही नोडवर यंत्राचे नाव विचारून स्वतंत्र प्रवेश, तिन्ही याद्यांची प्रत, मग तिन्ही रिकाम्या. काम आता स्लर्म या कार्य-वाटपकाकडे सोपवले आहे. देशातील अनेक परम महासंगणकांवर तोच असतो, आणि २०२० च्या अखेरच्या आवृत्तीपासून त्यात ‘एसक्रॉनटॅब’ नावाची सोय आहे, प्रशासकाने ती खुली ठेवली असेल तर. क्रॉनसारखेच पाच रकाने. पण यादी मध्यवर्ती ठिकाणी राहते, कोणत्याही दारातून आत आले तरी तीच दिसते. यादीचा मजकूर ती आता प्रबंधाच्या प्रकरणांसोबत गिटमध्ये ठेवते. सकाळी सातला दुसरे एक काम आलेल्या फाइलीचा आकार तपासते आणि तो संशयास्पद असेल तर यंत्राच्या नावासह ईमेल धाडते. ‘डेव्ह-नल’ची शेपटी काढून टाकली आहे.

१९ दिवसांपैकी अलीकडचे १० दिवस नोंदयंत्राच्या स्मृतीत शिल्लक होते. ते त्याच दुपारी उतरवले. आधीच्या ९ दिवसांवर नवी विदा लिहिली गेली होती. शेजारच्या दिवसांवरून ती पोकळी भरून काढावी, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. मार्गदर्शकांनी ती नाकारली आणि आलेखात तेवढी जागा कोरी ठेवण्यास सांगितले. त्याच शाळेत साधे पर्जन्यमापकही आहे. शाळेतील शिक्षक रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत आकडा लिहितात. त्या ९ दिवसांत जुलैमधील सर्वांत मोठा पाऊस येऊन गेल्याचे वहीवरून दिसते. त्याचे मिलिमीटर आहेत, थेंबांचे आकार नाहीत.