सिव्हिल लाइन्स ते डुमना

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांना घड्याळाची फारशी गरज भासत नसे. रेल्वे स्थानक याच वस्तीला लागून आहे. पहाटेची गाडी आली की आमच्या आत्याबाई चूल पेटवीत, आणि रात्रीची गाडी गेली की दाराला कडी लावीत. जुने बंगले, मोठाली आवारे, त्यांतील आंबा नि कडुनिंब आणि मधूनमधून येणारी आगगाडीची शिट्टी, एवढ्यावर त्या वस्तीचा दिवस सुरळीत चाले.

१८१७ पर्यंत हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे मध्यप्रांताची स्थापना झाली आणि नोकरीच्या, वकिलीच्या व शिक्षकीच्या निमित्ताने अनेक मराठी घराणी येथे स्थिरावली. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपुरातच एकमेकांस मिळाले. तेव्हापासून येथील मराठी माणसाचे माहेर, सासर, लग्नकार्य आणि सुतक या सर्वांची वाट रुळांवरूनच गेली. वळकटी कशी बांधावी, फिरकीचा तांब्या कोठे ठेवावा, दशम्या किती दिवस टिकतात, हे ज्ञान आजीकडून नातीकडे आपोआप येत असे. ते कोणी मुद्दाम शिकविले नाही.

विमानप्रवासाचे मात्र असे घरगुती शास्त्र अजून तयार झालेले नाही. म्हणूनच आज अनेक सुशिक्षित कुटुंबांतील वडीलधारी माणसे विमानाच्या नावाने संकोचतात. त्यांना आकाशाचे भय कमी असते. विमानतळाचे अधिक असते. आमच्या आत्याबाईंच्या पहिल्या विमानप्रवासात हे मला जवळून पाहता आले.

आत्याबाईंनी वयाची सत्तरी ओलांडली आहे. त्यांचे पाठचे भाऊ, म्हणजे माझे काका, मुंबईस पार्ल्यात असतात. लग्न होऊन आत्याबाई जबलपुरास आल्या, त्यानंतरची कित्येक वर्षे भाऊबीज मनीऑर्डरीवर आणि पत्रावरच साजरी झाली. गेल्या दिवाळीपूर्वी काकांची प्रकृती फार खालावली. त्यांची दृष्टी तर मंदावलीच होती. डॉक्टरांच्या बोलण्याचा सूरही आशादायक नव्हता. आत्याबाई एकच वाक्य बोलल्या, “अगं, या खेपेस मी त्याला समोर बसवून ओवाळणार.” सणाची गर्दी होती, आगगाडीचे आरक्षण मिळेना. शेवटी विमानाची दोन तिकिटे काढली.

तिकिटे हाती आल्यावर मात्र आत्याबाई गप्प झाल्या. दोन दिवसांनी त्यांनी मनातले सांगितले. “चार लोकांत माझी पिशवी उपसणार, अंगाला हात लावणार. पाटल्या काढा म्हणाले तर? गेल्या तीस वर्षांत त्या हातातून निघालेल्या नाहीत. मी काय चोर आहे?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रतिष्ठेने जगलेल्या माणसाला झडती हा शब्दच अपमानकारक वाटतो. म्हणून त्या रात्री आम्ही प्रथम तपासणी का होते याचा विचार केला आणि मग सामान बांधावयास घेतले.

आपल्या देशात १९३२ साली जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले, तेव्हा झडतीचा प्रश्न नव्हता. १९७१ च्या जानेवारीत श्रीनगरहून जम्मूस निघालेले ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरास नेण्यात आले. पुढे २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जीव गेले. ज्या पेटीत स्फोटक होते, ती विमानात चढली होती, पण पेटीचा धनी चढला नव्हता. प्रवासी आणि त्याचे सामान एकाच विमानात असले पाहिजे, या नियमाच्या काटेकोर पालनामागे ही दुःखद कहाणी आहे. नागरी विमान सुरक्षा विभागाला १९८७ साली स्वतंत्र खात्याचे स्वरूप मिळाले. १९९९ च्या डिसेंबरातील कंदाहार प्रकरणानंतर, २००० साली जयपूरपासून आरंभ करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे एकेक विमानतळ सोपविण्यात येऊ लागला.

आत्याबाईंनी हे शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, “म्हणजे माझी पिशवी तपासतात ती माझ्या शेजारी बसणाऱ्यासाठी, आणि त्याची तपासतात ती माझ्यासाठी.” याहून नेमके उत्तर मला देता आले नसते.

त्यानंतर सामानाकडे वळलो. आत्याबाईंनी ओवाळणीचे साहित्य एका पिशवीत सज्ज ठेवले होते: निरांजन, तुपाची वाटी, कापूर, काडेपेटी, नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, सुपारी नि अडकित्ता. वाचकहो, भावाबहिणीच्या प्रेमाचे हे साहित्य विमानाच्या नियमांपुढे बहुतेक सगळेच अडते! काडेपेटी आणि कापूर हे ज्वालाग्राही असल्यामुळे ते हातातल्या पिशवीत चालत नाहीत आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीतही चालत नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेलाचा अंश पुष्कळ असतो व ते आपोआप तापू शकते. तेही घरीच ठेवलेले बरे. नारळ हातातल्या पिशवीत चालत नाही. चाकू, कात्री, विळी, अडकित्ता अशा धारेच्या वस्तू मोठ्या पेटीतच ठेवाव्या लागतात. तूप, लोणचे किंवा नर्मदामाईचे जल न्यावयाचे असेल, तर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, वर दोन पिशव्या बांधून, पेटीत कपड्यांच्या मधोमध ठेवावे. परदेशच्या प्रवासात तर हातातल्या पिशवीतील कोणत्याही द्रवपदार्थाची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी चालत नाही. करंज्या, चकल्या, लाडू यांना मात्र कोणाची हरकत नसते.

याच्या उलट एक नियम आहे. मोबाइलला वीज पुरविणारी पॉवर बँक मोठ्या पेटीत ठेवण्यास मनाई आहे. ती हातातल्या पिशवीतच ठेवावी. तिने पेट घेतलाच, तर माणसांच्या नजरेसमोर तो विझविता येतो. पेटीत तो कोणाला दिसणार? औषधे, चष्मा, दागिने, पैसे आणि कागदपत्रे हीही आपल्याजवळच असावीत. देशांतर्गत प्रवासात सर्वसाधारणपणे हातातली एक पिशवी ७ किलोपर्यंत आणि मोठी पेटी १५ किलोपर्यंत नेता येते. तरी तिकिटावर लिहिलेला आकडा वाचून, पेटी घरीच काट्यावर तोलावी. भेडाघाटच्या दगडी मूर्ती दिसतात लहान, पण वजनाला भारी असतात.

जबलपूर हे छावणीचे आणि तोफखान्यांचे गाव. येथील कित्येक घरांत काडतुसाची रिकामी नळी आठवण म्हणून जपलेली असते. ती चुकून जरी पिशवीत राहिली, तरी क्ष-किरण यंत्रात दिसते आणि पोलिसांपर्यंत प्रकरण जाऊ शकते. म्हणून जुनी पिशवी वापरावयाची तर तिचे सर्व कप्पे उलटे करून झटकावेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, आपल्याकडील रीतीप्रमाणे, दोन ओळखीच्या बायका डबे घेऊन आल्या. “तेवढा माझ्या मुलाला पोचवा.” आत्याबाईंनी ‘कनिष्क’ची गोष्ट लक्षात ठेवली होती. त्यांनी दोघींना बसविले, चहा दिला, एकीच्या डब्यातले लाडू स्वतः पाहून घेतले आणि दुसरीचे शिवून बंद केलेले पार्सल मात्र सौम्यपणे परत केले. आपण स्वतः न भरलेली, न पाहिलेली वस्तू आपली म्हणून नेऊ नये. यात कोणाचा अपमान नाही.

ओळखपत्राचेही असेच. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र यांपैकी एक मूळ प्रत हाताशी असावी आणि तिकिटावरील नाव तिच्याशी जुळावे. आपल्या स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असा घोटाळा फार होतो. तो तिकीट काढतानाच निस्तरावा. दारावर निस्तरत नाही.

डुमन्याचा विमानतळ शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर आहे. सिव्हिल लाइन्समधून निघाले की घरे विरळ होत जातात आणि दोन्ही बाजूंस झाडी लागते. विमानतळाच्या आसपास रान आहे. ४ डिसेंबर २०१५ रोजी उतरणाऱ्या एका विमानाच्या वाटेत रानडुकरे आली होती. प्रवासी सुखरूप राहिले. १० मार्च २०२४ रोजी येथील नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. ती प्रशस्त इमारत पाहून आत्याबाई म्हणाल्या, “हे तर आपल्या स्टेशनापेक्षा शांत आहे!”

आम्ही विमानाच्या वेळेपूर्वी दोन तास पोचलो होतो. सामान स्वीकारणारी खिडकी साधारणतः उड्डाणापूर्वी एक तास आणि विमानात चढण्याचे दार सुमारे पंचवीस मिनिटे आधी बंद होते, हे ध्यानात ठेवावे. आगगाडी सुटता सुटता डबा पकडणाऱ्यांचे कौशल्य येथे उपयोगी पडत नाही. आत्याबाईंचा एक गुडघा शस्त्रक्रियेने बदललेला आहे. चाकांची खुर्ची हवी असल्यास विमान कंपनीस ४८ तास आधी कळवावे लागते; तसे आम्ही कळविले होते.

तपासणीच्या जागी मोबाइल आणि पिशवी ट्रेमध्ये ठेवून धातुशोधक चौकटीतून जावे लागते. स्त्रियांसाठी पडद्याआड वेगळी जागा असते आणि तेथे स्त्री कर्मचारीच तपासणी करते. गुडघ्यातील धातूमुळे यंत्र वाजले. आत्याबाईंनी आधीच सांगून डॉक्टरांची चिठ्ठी दाखविली. पाटल्या काढावयास कोणी सांगितले नाही. ज्यांना हृदयाचा पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी तर चौकटीपूर्वीच तसे सांगावे, म्हणजे त्यांची तपासणी हाताने होते.

सर्व सुरळीत झाले असे वाटले, तोच पिशवी बाजूस काढली गेली. “माताजी, इसमें कुछ लोहे का है?” आत्याबाईंचा चेहरा उतरला. बटव्याच्या तळाशी अडकित्ता होता! मी तो घरी काढून ठेवला होता. त्यांनी तो पुन्हा गुपचूप ठेवला होता. “अगं, आईचा आहे तो. काकाला तिच्या हातची सुपारी आठवते. पेटीत हरवला तर?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्यावर रागावावे की त्यांना जवळ घ्यावे, हेच मला कळेना.

अशी वस्तू आत नेता येत नाही. ती सोडून तरी द्यावी लागते, किंवा मागे जाऊन पेटीच्या सामानात द्यावी लागते. आमच्या हाती वेळ होता, म्हणूनच दुसरा मार्ग खुला राहिला. विमान कंपनीच्या मुलीने आम्हांस पुन्हा खिडकीकडे नेले. बटवा एका लहान पिशवीत बांधून, त्यावर चिठ्ठी लावून तो पेटीच्या सामानात गेला. आम्ही अर्धा तास उशिरा आलो असतो, तर आमच्या आजीचा अडकित्ता डुमन्यावरच राहिला असता. आत्याबाईंनी परत येऊन त्या तपासणाऱ्या मुलीस हात जोडले व म्हणाल्या, “बेटी, तुम्हारा काम सही है. चूक हमारी थी.”

विमान वर चढताना कानांत दडे बसले, तेव्हा त्यांनी खडीसाखर चघळली. विमानातील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरील दाबाइतका असतो, म्हणून असे होते. आवंढा गिळल्याने बरे वाटते. तान्ह्या मुलांना अशा वेळी दूध पाजावे. दोन तासांच्या आत मुंबई आली. जाता जाता एक सूचना: मुंबईत एकाहून अधिक टर्मिनले आहेत, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. परतीच्या वेळी केवळ ‘मुंबई’ एवढेच वाचून घराबाहेर पडू नये.

पार्ल्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आम्ही नारळ, कापूर आणि काडेपेटी घेतली. या वस्तू काही जबलपुराहून आणावयास नको होत्या. भाऊबिजेच्या संध्याकाळी काकांना उशीचा आधार देऊन बसविले. त्यांना निरांजनाची ज्योत नीटशी दिसत नव्हती, पण अडकित्त्याचा आवाज होताच त्यांनी मान वळविली आणि म्हणाले, “आईचा ना?”

आत्याबाईंनी कातरलेली सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. त्यानंतर बराच वेळ दोघे भावंडे काही बोलली नाहीत.