पानांचे रंग

रानाचे रंग पाहावयाचे तर विलायतेस किंवा अमेरिकेत जावे; आपल्याकडील झाडे एक तर हिरवी, नाही तर वाळलेली, असा पुष्कळ सुशिक्षित मंडळींचा समज असतो. आमच्या पुतण्याने आश्विनात अमेरिकेहून लाल-पिवळ्या झाडांची छायाचित्रे पाठविली, तेव्हा घरातील मुलांनीही हाच अभिप्राय दिला. त्या दिवसांपुरते ते खरेही होते. शरदात आमच्या गोरेगावाभोवती पिवळे होते ते धान. रानाच्या रंगांसाठी शिशिराची वाट पाहावी लागते.

माघाच्या सुमारास आमच्या अंगणातील देशी बदामाची मोठमोठी पाने शेंदरी, मग किरमिजी होऊन गळू लागतात. पान टाकण्यापूर्वी झाड त्यातील हरितद्रव्य मोडते, कामाचा अंश परत ओढून घेते, आणि पानात तांबडे द्रव्य तयार होते.

फाल्गुन-चैत्रात, १९७० पासून अभयारण्य असलेल्या नागझिऱ्याच्या बाजूस गेले, म्हणजे याच्या उलट प्रकार दृष्टीस पडतो. साग उघडे पडलेले, पळस फुललेला आणि मध्येच एखादे कुसुमाचे झाड माणकासारखे लालबुंद! नवख्यास ती फुलेच वाटतात. पण ती असते कोवळी पालवी. येथेही कारण तांबडे द्रव्यच. ते कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून रक्षण करते, असे शास्त्रज्ञ मानतात. पान जून होताच ते हिरवे होते. बदामाची लाली निरोपाची, तर कुसुमाची बारशाची, एवढाच काय तो भेद.

छायाचित्रासाठी माझ्यापाशी साधन म्हणजे हातातील फोन. दुपारच्या उन्हात रंग विटका दिसतो. सकाळी सूर्य पानाच्या पलीकडे असता जवळून टिपले, तर शीर न् शीर उजळते.

यंदा मात्र हा बदाम तोडावा, असे घरात निघाले. मोठ्या भावजींचे म्हणणे निराधार नव्हते. रोज टोपलीभर पाने पडतात, पन्हळ तुंबते, आणि केर काढता काढता बायकांची कंबर मोडते. मी बदामाची व कुसुमाची छायाचित्रे सर्वांपुढे ठेविली. भावजी म्हणाले, "चित्रे सुंदर आहेत, पण केर चित्रात येत नाही." यावर मजजवळ उत्तर नव्हते. तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाने आम्ही झाडतो ना? मग झाडाचा निकालही आम्हीच देऊ. झाड राहील, पण उद्यापासून केरसुणी पाळीपाळीने सर्वांनी धरावी."

तसेच ठरले. हल्ली मुले अंगण झाडतात. त्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. कारण टोपलीत टाकण्यापूर्वी प्रत्येक लाल पान उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. पहिल्या आठवड्यात सर्वांत सावकाश काम झाले ते भावजींच्या पाळीला.