हिरव्या दिव्याचा हिशेब

आम्ही इंदूरकर पायी चालण्याचे शौकीन. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत वाहन हवे कशाला? परंतु आग्रा-मुंबई रस्त्यावरील रुंद चौक ओलांडणे, हे साठी उलटलेल्या आम्हां उभयतांस दिव्यच वाटते. निम्मा रस्ता सरतो न सरतो तोच दिवा बदलतो आणि भोंगे वाजू लागतात.

यामागे साधे गणित आहे. सिग्नलची वेळ ठरविताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे सामान्यतः धरतात. त्या वेगाने २४ मीटरांचा रस्ता २० सेकंदांत ओलांडता येतो, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धास ३० सेकंद लागतात. उरलेले १० सेकंद त्याने कोठे काढावेत? अमेरिकेतील नियमावलीने २००९ मध्ये हा वेग सुमारे १.०७ मीटरांवर उतरविला.

वेळ वाढवावी, किंवा रस्त्याच्या मध्यभागी थांबण्यापुरती सुरक्षित जागा करावी. दोन्ही उपाय फारसे खर्चिक नाहीत. चौकाचे मोजमाप सर्वांत मंद पावलाने व्हावे, एवढेच आमचे मागणे.

वाचकहो, आपल्या चौकातील हिरव्या दिव्याचे सेकंद एकदा मोजून पाहा; कमी भरले, तर नगरपालिकेस दोन ओळी अवश्य लिहा.