कोरडा शिधा

आमच्या वडिलांचे एक मामा होते. नागपूरहून अमरावतीस जाताना ते बडनेऱ्याला उतरत आणि पुढची गाडी मिळेपर्यंत स्टेशनाजवळच्या आमच्या क्वार्टरवर थांबत. दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले ते खात नसत. आल्या आल्या ओसरीवर घोंगडी टाकून म्हणत, "सूनबाई, फक्त कोरडा शिधा दे." मग आई ताटात तांदूळ, तुरीची डाळ, मीठ, तिखट, गुळाचा खडा आणि वाटीत तूप असे मांडून देई. मामाआजोबा मागल्या अंगणात तीन विटा मांडून पऱ्हाट्या पेटवत आणि तिथूनच विचारत, "पातेले आहे का? पळी आहे का? पाणी कुठले?" आई आतून "हो, हो" म्हणत जाई. घरात गरम पोळ्या तयार असताना या गृहस्थाने दीड तास धुरात बसावे, हे तिला कधीच पटले नाही. त्यांच्या त्या सोवळ्यात अहंकाराचा भाग मोठा होता, हे पुढे मलाही कळले. असे असूनही गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी स्वतः तीन आठवडे कोरड्या शिध्यावर काढले, आणि मामाआजोबांची मला रोज आठवण झाली.

त्याचे असे झाले. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. संत्र्यांच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, कुणाची सायकल, कुणाचा हार्मोनियम असे काय काय घेऊन खेड्यापाड्यांतली माणसे त्यांच्या खिडकीशी येत. त्यांच्या तोंडचे शब्द वडील पावत्यांच्या पाठीवर टिपून ठेवीत. त्याची ७२ पानांची पुस्तिका त्यांनी १९७४ साली पदरचे पैसे घालून छापून घेतली. डावीकडे वऱ्हाडी शब्द, उजवीकडे पुस्तकी मराठी. डोया – डोळा. वावर – शेत. बंडी – बैलगाडी. सांबार – कोथिंबीर. तथी – तेथे. मले – मला. विद्वत्ता म्हणावी असे त्यात काही नाही. वडील गेले तेव्हा घरात तिची एकच प्रत उरली होती, आणि तिलाही कसर लागली होती.

ती पुन्हा छापायची तर आधी संगणकावर उतरवून घ्यायला हवी. मी ती एका दुकानात टाइप करायला दिली. आठ दिवसांनी त्या मुलीने मोठ्या उत्साहाने कागद हाती ठेवले. "सर, छापण्यात लय चुका होत्या. मी सगळ्या दुरुस्त केल्या." घरी येऊन पाहतो तो पहिल्याच पानावर: डोळा – डोळा. मला – मला. तेथे – तेथे. बहात्तर पाने ही अशी! मी पुन्हा दुकानात गेलो. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "मले वाटलं, चुकलं असन." माझी तक्रार घशातच राहिली. मी पैसे दिले आणि परत आलो.

मग मोबाइलवर फोटो काढून अक्षरे ओळखून देणारी एक सोय वापरून पाहिली. तिने 'वावर'चे 'वापर' केले, 'तथी'चे 'तशी' केले आणि 'मले' या साध्या शब्दाला थेट 'मेले' करून टाकले. दुकानातल्या मुलीला निदान बोलता तरी आले होते. या सोयीला "बाई, असे करू नकोस" म्हणून सांगायला तोंडच कुठे सापडेना.

अशा वेळी शेजारचा पोट्टा कामास येतो. आमचा शेजारी इथल्या इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षात होता. त्याने सांगितले की टेसरॅक्ट नावाचा एक प्रोग्राम आहे, फुकट आहे, मराठी वाचतो, आणि त्याच्या सवयी आपल्याला बदलता येतात. मी नंतर त्याचे कुळ शोधले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तो घडला, मग बरीच वर्षे नुसता पडून होता, २००५ साली कंपनीने तो सगळ्यांना खुला केला आणि पुढच्या वर्षापासून गूगलने त्याला जोपासले. मराठीसाठी त्याची खूण एम-ए-आर अशी तीन अक्षरांची आहे. सलग वाचली तर 'मार'. आमच्या भाषेला हेच नाव मिळावे, यावर विद्यार्थ्यांनी फार खूश होऊ नये.

अडचण माझ्या लॅपटॉपची होती. तो इतका जुना, की त्यावर २०१६ सालची लिनक्स कशीबशी चाले. "सर, हे मशीन बत्तीस बिटचं हाय," पोट्टा म्हणाला. "याले आता नवं रेडीमेड काही भेटत नाही. सोर्सवरून बिल्ड करा लागन." कॉलेजातल्या यंत्रावर काही बसवायचे तर अर्ज, शिफारस आणि पुन्हा अर्ज. म्हणून मी मान डोलावली. त्याने कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. आणि नोकरीच्या मुलाखतीसाठी तो पुण्याला निघून गेला.

सोर्स म्हणजे शिधा, हे मला त्या कागदाकडे पाहता पाहता उमगले. प्रोग्राम लिहिणारा तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. यंत्राला ती कळत नाही. कंपायलर नावाचा आचारी ते लिखाण यंत्राच्या पचनी पडेल असे शिजवतो. आपण एरवी घेतो ते हे शिजलेले ताट. त्यात काय घातले आहे ते दिसत नाही, बदलता येत नाही, आणि एका जातीच्या यंत्रासाठी रांधलेले दुसऱ्याला चालत नाही. वडील दोन वर्षे मुर्तिजापूरला होते. तिथे यवतमाळ-अचलपूरकडची 'शकुंतला' अडीच फुटी रुळांवर येई आणि मुंबई-नागपूरची गाडी साडेपाच फुटी रुळांवर. डबा इकडून तिकडे जाऊ शकत नसे, पण डब्यातला माल उतरवून दुसरीकडे चढवता येई. शिध्याचे तसेच आहे. तो कुठल्याही चुलीवर चढतो.

पहिली ओळ मी भीत भीत टंकली. पडद्यावर प्रश्नोत्तरांची सरबत्ती सुरू झाली. कंपायलर आहे का? आहे. तो चालतो का? चालतो. अमुक आहे का? आहे. तमुक? नाही. मला हसूच आले. मामाआजोबा विटांवरून विचारीत होते, पातेले आहे का, पळी आहे का! परक्या घरात रांधायचे तर आधी तिथली भांडीकुंडी पाहून घ्यावीत, ही युक्ती ऑटोकॉन्फ नावाच्या साधनाने १९९१ पासून रूढ केली. पाहणी संपली की त्या घराला साजेशी पाककृती लिहून ठेवली जाते. तिचे नाव मेकफाइल.

आणि ती वाचून रांधणारा तो मेक. हे साधन केवढेसे, पण वयाने माझ्याहून मोठे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली रचले. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळभराची मेहनत वाया गेली होती. त्याने चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेला तुकडा पुन्हा शिजवायचा राहिला होता, आणि तो मात्र बरोबर असलेल्या लिखाणात चूक शोधत बसला होता. फेल्डमन यांचा उपाय असा: कशापासून काय होते ते एकदा लिहून ठेवा. पुरणपोळीला पुरण आणि कणीक लागते, पुरणाला डाळ आणि गूळ. मेक प्रत्येकाची वेळ पाहतो. गूळ बदलला असेल तर पुरण पुन्हा घोटतो आणि पोळी पुन्हा लाटतो. भिजवून ठेवलेल्या कणकेला मात्र हात लावीत नाही. बस्स, एवढेच त्याचे शहाणपण. ते युनिक्सवर चालले, लिनक्सवर चालते, मॅक आणि विंडोजवरही.

त्यात एक विचित्र खोडही आहे. प्रत्येक कृतीच्या ओळीआधी टॅबची कळ दाबावीच लागते. मोकळ्या जागा सोडल्या तर चालत नाही. फेल्डमन यांनी पुढे सांगितले आहे की हे बदलावे असे त्यांना लवकरच वाटले होते, पण तोवर वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांची घडी मोडायची नव्हती. त्या बाराजणांच्या भिडेखातर आज सारे जग टॅब दाबते आहे. शुद्धलेखनाचे नियम शिकवून ज्याचा घसा बसला आहे, त्याला यात नवल वाटत नाही.

माझे पहिले रांधणे फसले. यंत्राने सांगितले, लेप्टोनिका नावाचे ग्रंथालय जुने आहे, १.७४ किंवा नवे हवे. म्हणजे आमटीसाठी आधी मसाला दळायला बसा. लेप्टोनिकाचा शिधा आणला, रांधला, मग पुन्हा टेसरॅक्ट चढवले. बाहेर वैशाखाचे ऊन, कूलरची घरघर, त्यात लॅपटॉप असा तापलेला की त्यावर भाकरी भाजावी. दुपारभर पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. सारे संपल्यावर खात्री पटेना म्हणून मी पुन्हा 'मेक' म्हटले. उत्तर आले, करण्यासारखे काही उरलेले नाही. इतके समाधानाचे वाक्य मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

पहिल्या पानाचे चित्र त्याला दिले, तर म्हणतो, हे वाचणारी क्रियाच हजर नाही! दोन दिवस डोके फोडले. तिसऱ्या दिवशी हिने चहा ठेवता ठेवता विचारले, "अहो, सुरुवातीला ते 'आहे-नाही, आहे-नाही' म्हणत होतं ना? 'नाही' काय काय होतं, ते पाहिलंत का?" पाहिले नव्हते. लेप्टोनिका रांधताना चित्रे उघडणारे सामान घरात नाही, असे यंत्राने मला स्पष्ट सांगितले होते, आणि मी 'आहे-आहे' ऐकण्यात दंग होतो. मीठ नाही असे सांगूनही मी स्वयंपाक चढवला होता. ते सामान आणून लेप्टोनिका नव्याने रांधले.

मग टेसरॅक्टने पान वाचले. आणि काय वाचले? वापर – शेत. तशी – तेथे. तोच हट्ट! यानेही पुस्तकी मराठीचा कोश घोकून ठेवलेला, धूसर अक्षर दिसले की तो ओळखीच्या शब्दाकडे झुके. पण याच्या मुदपाकखान्यात मला प्रवेश होता. शोधता शोधता कोश बाजूला ठेवण्याच्या दोन कळा सापडल्या. त्या बंद केल्या आणि पान पुन्हा दिले.

वावर – शेत. तथी – तेथे. मले – मला.

सगळेच काही साधले नाही. कसरीने खाल्लेल्या जागी त्याने मनाला येईल ते लिहिले, काना-मात्रा इकडच्या तिकडे केल्या. एकेक ओळ ताडून पाहण्यात पुढचे पंधरा दिवस गेले. मी स्वतः टाइप करायला बसलो असतो तर त्याआधी उठलो असतो, हे हिने एकदाच सांगितले आणि मी ते एकदाच ऐकले.

एक्केचाळिसाव्या पानाच्या समासात वडिलांनी शिसपेन्सिलीने काही लिहिले होते. हाताचे अक्षर टेसरॅक्टला वाचता येत नाही, आणि मलाही लागेना. मी पान घेऊन आईकडे गेलो. तिने चष्मा लावला, पान खिडकीकडे धरले.

"भेदरं," ती म्हणाली. "भेदरं म्हणजे टमाटा. तुह्या बाबांले म्याच सांगतला होता. पुस्तक छापून आल्यावर."

मी तो शब्द यादीत घालण्यासाठी उठलो, तशी ती मागून म्हणाली, "आन हे बी लिव, का म्या सांगतला म्हून."