‘मागील नियोक्ता’ या रकान्यात काय लिहावे?

आपल्या व्यापारी समाजात स्थळ शोधणे उघडपणे चालते, नोकरी शोधणे मात्र हळू आवाजात. मुलाच्या लग्नासाठी परिचयपत्रिका छापून घेताना कोणालाही संकोच वाटत नाही. पण त्याच मुलासाठी ‘कुठे जागा असेल तर सांगा’ असे म्हणताना वडील आधी इकडेतिकडे पाहतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण पगार देणारे. पगार घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिलो म्हणजे पेढीची पत उतरली, हा समज अद्याप पुरता गेलेला नाही. म्हणूनच आमच्या शहरातील वसतिगृहाच्या विश्वस्तांनी समाजातील उमेदवार आणि व्यावसायिक यांच्यासाठी रोजगाराचे संकेतस्थळ तयार करण्याचे ठरवले, तेव्हा मला ते धाडसाचे वाटले. तांत्रिक बाजू माझ्या भाचीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी अंगावर घेतली. अर्जात रकाने कोणते असावेत आणि भाषा कशी असावी, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. बँकेत उभे आयुष्य अर्ज वाचण्यात गेल्यामुळे हा विषय मला परका नव्हता.

इतकी संकेतस्थळे असताना आणखी एक कशाला, असा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला आणि तो रास्त होता. रिक्त जागांची माहिती सेवायोजन कार्यालयास कळवण्याची सक्ती मोठ्या आस्थापनांवर १९५९ च्या कायद्याने झाली. १९९७ मध्ये संजीव बिखचंदानी यांनी ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू केले, तेव्हा आपल्याकडे इंटरनेट हा शब्दही नवा होता. सहकारी मासिकातील नोकरीच्या जाहिराती उत्सुकतेने चाळतात, हे त्यांनी कचेरीत पाहिलेले होते. २०१५ पासून केंद्र सरकारचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळही आहे. या सर्वांशी स्पर्धा करण्याचा विचार कोणाच्याच मनात नव्हता. आमचा प्रश्न लहान होता: यांपैकी कोणत्याही ठिकाणी जो अर्ज भरूच शकत नाही, त्याचे काय करायचे?

असा माणूस आम्हाला लवकरच भेटला. जेकब नीलसेन या तज्ज्ञांनी सांगून ठेवले आहे की संकेतस्थळाची चाचणी घेण्यास पाच माणसे पुरतात. त्यांना काम करू द्यावे आणि आपण केवळ पाहत बसावे. त्याप्रमाणे पाच जणांना वसतिगृहात बोलावले. त्यांतील एक गृहस्थ शेहेचाळीस वर्षांचे. वडिलोपार्जित कापड दुकान भावांच्या वाटणीनंतर आणि बाजारातील मंदीनंतर बंद करावे लागलेले. मुलींनी पहिला नमुना मोठ्या संकेतस्थळांच्या धर्तीवर केला होता. नाव, गाव, शिक्षण इथवर ते सरळ आले. पुढे ‘मागील नियोक्ता’ आणि ‘शेवटचे वेतन’ हे दोन रकाने होते. तेथे ते थांबले. बराच वेळाने त्यांनी विचारले, “साहेब, इथे वडिलांचे नाव लिहू का?”

कोणी काही बोलले नाही. शेवटी त्यांनी दोन्ही रकाने रिकामे सोडले आणि यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे त्यांच्या नावापुढे शिक्का मारला: ‘फ्रेशर’.

बावीस वर्षे गल्ल्यावर बसलेला माणूस नवशिका कसा? मी कर्ज खात्यात असताना अशा दुकानांची माल तपासणी कितीतरी वेळा केली आहे. ठाणावर नुसती नजर टाकून मालाची किंमत सांगणारी, कोणती पार्टी दिवाळीला पैसे देते आणि कोणती संक्रांतीलाही देत नाही हे तोंडपाठ असणारी ही माणसे. इचलकरंजी, भिवंडी, सुरत येथील खरेदी, उधारीची वसुली, जीएसटीची विवरणे, चार नोकरांची मने राखणे, हे सारे त्यांनी एकट्याने केलेले असते. ज्या कंपनीला वसुली अधिकारी हवा आहे तिने यांना शोधत यावे. पण अर्जाला हे विचारताच येत नव्हते. बँकेच्या अर्जांवर ‘लागू नसल्यास खोडावे’ अशी एक ओळ असे. खोडायची वेळ आली की साध्या माणसाला आपणच लागू नाही असे वाटते, हे मी पाहिलेले आहे.

भाचीने तो रकाना काढून टाकला आणि मला म्हणाली, “मामा, आता प्रश्न तुम्हीच द्या.” मी दिलेला प्रश्न असा: ‘आजवर आपण काय सांभाळले?’ त्याखाली खरेदी, काउंटरवरील विक्री, उधारी वसुली, मालसाठा, टॅली व जीएसटी, फिरती विक्री, माणसांची देखरेख अशी कामे. हवी तेवढी निवडावीत, किती वर्षे ते लिहावे. वेतनाविषयी एवढेच विचारायचे की अपेक्षा किती. दहा वर्षे घर सांभाळून पुन्हा काम शोधणाऱ्या दोन सुनांनाही हाच प्रश्न सोयीचा पडला, हे विशेष. मालकालाही पदनामाऐवजी कामावरून माणूस शोधता येऊ लागला.

त्याच गृहस्थांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: “हे वाचणार कोण कोण?” त्यांच्या मुलीचे लग्न ठरायचे होते. माणसे शोधायला येणारे व्यापारी आपल्याच समाजातले. त्यांत उद्याचे व्याही असू शकतात. मोठ्या संकेतस्थळावर माणूस गर्दीत लपतो. आपल्या लहान समाजात तालुका आणि धंदा एवढे सांगितले तरी तो ओळखू येतो. म्हणून नाव, छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक पडद्याआड ठेवले. मालकाने विचारणा केल्यावर उमेदवाराने होकार दिला, तरच ते उघडतात. कोणत्या पेढ्यांना आपली नोंद दिसू नये, हेही उमेदवार आधी सांगू शकतो. वैयक्तिक माहिती संमतीने आणि सांगितलेल्या कारणासाठीच वापरावी, असे २०२३ चा कायदा म्हणतो. एका विश्वस्तांना ही सारी खटपट जास्त वाटली. मी म्हटले, न दिलेले घेऊ नये हे आपल्या तिसऱ्या अणुव्रतात आहेच. एखाद्या मुलीचा क्रमांक तिला न विचारता दुसऱ्याला देणे अदत्तादानाहून निराळे कसे? त्यावर चर्चा थांबली.

भाषेचा भाग मला वाटला त्याहून गुंतागुंतीचा निघाला. एकाच कामाला कोणी अकाउंटंट म्हणतो, कोणी लेखापाल, हिशेबनीस, मुनीम किंवा दिवाणजी. शोधणाऱ्याने काहीही लिहिले तरी उत्तर एकच यावे, यासाठी पर्यायी शब्दांची वही करावी लागली. ती मी हातानेच लिहिली. त्यात आणखी एक मौज अशी की ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे उमटते: सबंध एक अक्षर म्हणून, अथवा ‘अ’ आणि त्यावरचा चंद्र असे जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘ॲकाउंटंट’ शोधला तर जागा असूनही ‘नाही’ असे उत्तर येई. ती गाठ मुलींनी सोडवली.

आपल्या घरांसाठी एक रकाना मी आग्रहाने घातला: कामावरून सुटण्याची वेळ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पेठेतील दुकाने त्यानंतर कितीतरी वेळ उघडी असतात. चौविहार पाळणाऱ्याला जेवणापुरती अर्ध्या तासाची सूट मिळेल का, हे मुलाखतीत विचारायला संकोच वाटतो. जाहिरातीतच लिहिले असेल तर विचारावे लागत नाही. पंधरा कर्मादानांत मोडणारे व्यवसाय वगळण्याची सोयही ठेवली आहे. ज्याला नको त्याने ती वापरू नये.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. सर्व काही मोबाइलवर चालते, अक्षर मोठे आणि गडद आहे, बायोडाटाची फाइल जोडण्याची सक्ती नाही, आणि मध्येच फोन आला तरी लिहिलेले पुसले जात नाही. जाहिरात तीस दिवसांनी आपोआप उतरते.

वाद उरला आहे तो एका रकान्याचा. ‘वेतन योग्यतेनुसार’ एवढेच लिहू द्यावे, अशी बऱ्याच व्यापारी सभासदांची मागणी आहे. शेजारच्या दुकानातील नोकर आकडा वाचून पगारवाढ मागतो, ही त्यांची अडचण खोटी नाही. पण आकडा नसेल तर पन्नास किलोमीटरवरून एस.टी.ने येणारा मुलगा दिवस आणि भाडे दोन्ही घालवतो. किमान आणि कमाल असे दोन आकडे तरी द्यावेत, असे माझे मत मी लेखी दिले आहे. निर्णय पुढील बैठकीत होईल. तोवर आकड्याशिवाय आलेली जाहिरात भाची मालकाकडे परत पाठवते, आणि मग मला फोन येतात.