आजीच्या राजपत्राची गोष्ट

चि. मनूस,


बाबाने पाठवलेल्या कागदांत तुला आजीच्या नावाचं राजपत्राचं पान दिसलं आणि सत्तरी उलटल्यावर आजीने, म्हणजे माझ्या आईने, नाव का बदललं, असं तू विचारलंस. तुझ्या होणाऱ्या सासरहून नावाची विचारणा सुरू झाली आहे, हेही बाबाकडून कळलं. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते आहे.

आजीचं नाव बदललं ते लग्नात. तांदूळ पसरलेल्या ताटात आजोबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि सासरी तिला जुन्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. आडनाव बदलतं असं आपण नुसतं म्हणतो, पण मराठी बाईचं मधलं नावही बदलतं. वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. आजीचं तर स्वतःचंही बदललं, म्हणजे तिन्ही गेली. सरकारदरबारी याची एका ओळीचीही नोंद झाली नाही. लग्न नोंदवायची पद्धत आमच्याकडे तेव्हा नव्हती. नवं नाव आधी रेशनकार्डावर चढलं, तिथून मतदार यादीत, मग बँकेत, शेवटी आधारवर. आधीच्या कागदावरून पुढचा कागद होत गेला आणि पन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते तिच्या वडिलांच्या जमिनीपाशी. रस्ता रुंद व्हायचा होता, त्यात माहेरच्या शेताचा तुकडा गेला. पणजोबा वारल्यावर वारस नोंदीत भावांबरोबर आजीचंही नाव लागलं होतं, अर्थातच माहेरचं. सातबाऱ्यावर तेच आणि मोबदल्याच्या यादीतही तेच. बँकेचं पासबुक सासरच्या नावाचं. ही बाई आणि ती बाई एकच कशावरून, असं कचेरीत विचारलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून दिलं, ते चालेना. माझे मामा स्वतः तिथे उभे राहून सांगत होते की ही आमची सख्खी बहीण. कारकून म्हणाला, "तोंडी काही चालत नाही, राजपत्र आणा."

आजीच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला होता आणि घडीवर विरलेली, कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेली लग्नपत्रिका. तिच्यावर 'चि. सौ. कां.' च्या पुढे तिचं जुनं नाव, खाली आजोबांचं. दोन्ही नावांना जोडणारा तेवढाच एक छापील पुरावा घरात होता, आणि तोही तिने आठवण म्हणून जपला होता म्हणून. बाकावर बसून ती पत्रिका पुन्हा पुन्हा उलगडून बघणारी आई मला आजही डोळ्यांसमोर दिसते. जन्मभर ज्या घराची लेक होती, त्याच घराची लेक असल्याचं तिला सिद्ध करावं लागत होतं. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे.

मग राजपत्राच्या मागे लागलो. महाराष्ट्र शासनाचं राजपत्र निघतं, त्याच्या साप्ताहिक भाग दोनमध्ये नावबदलाच्या सूचना छापतात. शासकीय मुद्रणालयाचं संचालनालय मुंबईत चर्नी रोडला आहे. आता अर्ज ऑनलाइन करता येतो. बारीक टायपात पानंच्या पानं भरलेली असतात, जुनं नाव, त्याच्याखाली नवं नाव, पत्ता. बदलाचं कारण लग्न असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. आजीकडे तो नव्हता, म्हणून प्रतिज्ञापत्र आणि सापडतील ते सगळे जुने कागद जोडले. सूचना छापून आली तेव्हा कुठे गाडं हललं. तू पाहिलंस ते पान हेच.

आता मुख्य मुद्दा. बायकोने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नावाबद्दल काही नाही. नाव न बदलता पासपोर्ट चालतो, बँक खातं चालतं, मालमत्ता चालते, सगळं चालतं. बँकेत नोकरी करताना मी कितीतरी मुलींना हे काउंटरवरून सांगितलं आणि त्यातल्या बऱ्याच जणी चकित झाल्या. "पण सासूबाई म्हणाल्या कंपल्सरी आहे," हे ठरलेलं उत्तर. रूढी इतकी पक्की बसली आहे की लोकांना तोच कायदा वाटतो. तुझ्याकडे क्यूबेकमध्ये नेमकं उलट आहे ना? १९८१पासून तिथे नवरा-बायको दोघांनीही जन्मनावच वापरायचं, लग्न हे नाव बदलण्याचं कारण धरलं जात नाही. मला ते फार आवडलं.

रूढीने काय काय पुसलं बघ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, वर्षभरात गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला त्यांच्या अस्थींवर दगड आहे, त्यावर नाव आहे ते सासरचं. तुला मॉन्ट्रियलहून जमलं तर कधीतरी जाऊन ये. डॉक्टर रखमाबाईंनी मात्र नवऱ्याकडे जायलाच नकार दिला, मुंबईच्या कोर्टात खटला सोसला आणि स्वतःच्या नावानेच जगल्या.

अलीकडे थोडं बदलतं आहे. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं, असं शासनाने ठरवलं. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव लावण्याची मुभा दिली.

मी माझं आडनाव बदललं, ते मनापासून, आणि त्याची खंत नाही. तुलाही बदलावंसं वाटलं तर जरूर बदल, पण तुला वाटलं तर. कुणाला बरं वाटावं म्हणून नको. आणि बदलायचंच तर अर्धवट नको. आधार एका नावाने, पॅन दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या, असं करून ठेवलेल्या मुलींचे हाल मी रोज बघत होते. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, हेही ध्यानात ठेव. शिवाय तुझ्या पदव्या जुन्याच नावाने राहतील, म्हणजे जिथे जाशील तिथे राजपत्राचं पान बरोबर. भारतीय पासपोर्टवर एक नाव आणि क्यूबेकच्या कागदांवर दुसरं, असं झालं तर तिथेही निस्तरत बसशील. माझं मत विचारशील तर आहे तेच नाव ठेव. तुझ्या सासरच्या, नाशिकच्या मंडळींशी बोलायचं झालं तर मी बोलेन. ती माणसं समजूतदार आहेत, फक्त त्यांना कुणी हे सांगितलेलं नाही.

नाव काहीही ठरव, पण एक गोष्ट टाळू नकोस. लग्न झालं की परतीच्या विमानाआधी नोंदणी करून घे. नव्वद दिवसांची मुदत असते, पण तुझी रजा तेवढी कुठे असणार! तीन साक्षीदार लागतात, त्यांतली एक मी. आणि त्या अर्जावर पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिही.

तुझी,
आत्या